कुंडीतल्या मिरचीचे रुसवे

उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी वर्षाच्या तिखटाची तयारी सुरू होते. मिरच्यांची देठे खुडताना सुपात बियांचा थर साचतो. त्यातल्या चिमूटभर बिया कुणीतरी तुळशीच्या कुंडीत टाकून देते आणि पंधरवड्यात तिथे रोपांची दाटी होते. घरच्या बागेचा श्रीगणेशा मिरचीने करणारे इतके लोक भेटतात, त्याचे कारण हेच. बी फुकट, उगवण सोपी आणि रोज लागणारी वस्तू. अडचण पुढे येते. तीन महिन्यांनी तोच माणूस रोपवाटिकेत जाऊन विचारतो, "झाड मस्त वाढलंय, पण मिरची काही धरत नाही." नाहीतर, "धरली होती हो, पण आता सगळी पाने आकसून गेलीत."

या दोन्ही तक्रारींना खत किंवा औषध हेच उत्तर असेल, असे धरून लोक दुकान गाठतात. खरे तर बहुतेक वेळा झाडाला काही कमी पडलेले नसते, जास्त झालेले असते. जास्त पाणी, जास्त खत, जास्त माया. मिरचीचा स्वभाव ठाऊक असेल तर तिचे बरेचसे रुसवे आधीच टळतात.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. वांगी, टोमॅटो, बटाटा आणि तंबाखू हे तिचे भाऊबंद. तिच्या पाच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या आणि त्यातली सर्वांत जास्त पसरलेली जात मेक्सिकोच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी माणसाळली. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे उतरली. त्याआधी इथल्या स्वयंपाकात तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. पाहुणी म्हणून आलेली मिरची इतकी रुळली की आज गावोगावची आपली मिरची वेगळी आहे. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गोव्यातली खोला आणि हरमल, सीमेपलीकडून येणारी संकेश्वरी आणि ब्याडगी. मात्र इतकी वर्षे इथे राहूनही तिने जन्मभूमीच्या सवयी सोडलेल्या नाहीत. तिला ऊब हवी, पण रखरखाट नको. ओल हवी, पण मुळांशी पाणी तुंबलेले अजिबात चालत नाही.

गोव्यातल्या काणकोण तालुक्यातली खोला मिरची हे याचे चांगले उदाहरण. तिथे पाऊस धो-धो पडतो आणि तरीही ही मिरची पावसाच्याच पाण्यावर घेतली जाते. कारण ती लावतात डोंगरउतारावर. कितीही कोसळला तरी पाणी मुळांशी थांबत नाही, वाहून जाते. घरच्या कुंडीला उतार नसतो. तिथे हे काम तळाच्या भोकांनी आणि भुसभुशीत मातीने करायचे असते.

आता बियांकडे. मसाल्यासाठी आणलेल्या लाल मिरचीचे बी उगवते, पण सगळेच नाही. उन्हात वाळवलेल्या मिरचीचे बी बहुधा जिवंत असते. भाजलेल्या किंवा फार तापमानात सुकवलेल्या मिरचीचे मेलेले असते, आणि दोन-तीन वर्षे डब्यात पडून राहिलेल्याचा काही भरवसा नाही. हिरव्या मिरचीतले पांढरे बी तर कोवळेच असते. ते पेरण्यात अर्थ नाही. बाजारातली मिरची संकरित वाणाची असेल तर तिच्या बियांपासून आलेली झाडे आईसारखी निघतीलच असे नाही. कुणी बुटके, कुणी उशिरा फळणारे. घरगुती हौसेला हे चालून जाते. पण खात्रीचे झाड हवे असेल तर कृषी विद्यापीठांचे किंवा संशोधन संस्थांचे सरळ वाण घ्यावेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती ही जुनी, परिचित नावे. फुले ज्योतीला मिरच्या घोसाने लागतात, त्यामुळे कुंडीत ती दिसतेही छान.

नवख्या माणसाला अनेकदा एकदम भूत जोलोकियाचा मोह होतो. ईशान्येकडच्या या मिरचीने २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून जागा मिळवली होती. तो मान पुढे इतरांकडे गेला, २०२३ पासून तो अमेरिकेतल्या पेपर एक्सकडे आहे. पण या जातकुळीतल्या मिरच्यांचे बी उगवायलाच कधी तीन-चार आठवडे लागतात, फळ धरायलाही उशीर होतो आणि हवा मानवली नाही तर फुले गळत राहतात. शिवाय एका मिरचीत घरातल्या सगळ्यांची महिनाभराची हौस फिटते. पहिल्या वर्षी साधी ज्वाला किंवा लवंगी बरी.

बी उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते. ती मिळाली तर आठवडा ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे किंवा विदर्भात बी टाकून रोज माती उकरून पाहणाऱ्यांनी बियांना दोष देऊ नये. थंडीत ते नुसते पडून राहते. जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हे पेरणीचे आपल्याकडचे तीन हंगाम. घरासाठी त्यातला सप्टेंबर-ऑक्टोबरचा सर्वांत सोयीचा, कारण पाऊस ओसरलेला असतो आणि फुले येतात तेव्हा हवा सौम्य असते.

बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरावे. चहाच्या कागदी पेल्यांना तळाशी भोके पाडली तरी काम भागते. त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत निम्मे-निम्मे. इथे पहिला घात होतो तो रोपे कोलमडण्याचा. संध्याकाळी तरतरीत असलेले रोप सकाळी मातीलगत बारीक होऊन आडवे पडलेले दिसते. हे बुरशीचे काम आणि बुरशीला आमंत्रण देतो तो सतत भिजका पेला. वरचा थर किंचित सुकल्यावरच पाणी घालावे, रोपे दाट ठेवू नयेत आणि हवा खेळती राहील असे पाहावे. दुसरा घात सावलीचा. घरात खिडकीपासून दूर ठेवलेली रोपे उजेडाच्या ओढीने लांबुडकी आणि लेचीपेची होतात. कोंब दिसताच पेले उजेडात न्यावेत, मग हळूहळू उन्हाची सवय लावावी.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर झाले की मोठ्या कुंडीत लावायचे. एका झाडाला बारा इंची कुंडी पुरते. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, तळाला सात-आठ भोके पाडून वापरला तरी झाड तक्रार करत नाही. सौंदर्यदृष्टी असलेल्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी. माती, कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि कोकोपीट असे सारख्या प्रमाणात घेऊन त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. काळी चिकण माती एकटी वापरू नये, ती ओली असताना लोणी आणि सुकल्यावर वीट होते. दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवे. उत्तरेकडच्या बाल्कनीत पुदिना, अळू लावावे, मिरचीचा हट्ट धरू नये. इतके सडेतोड कुणी सांगत नाही, म्हणून पुष्कळ लोक वर्षभर पानेच वाढवत बसतात.

पाण्याचा नियम बोटाने ठरतो. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावी. आत कोरडे लागले तर पाणी, ओल लागली तर थांबावे. भर दुपारी पाने लोंबलेली दिसली की लोक तांब्या घेऊन धावतात. पण एप्रिलच्या उन्हात झाड स्वतःच पाने सैल सोडून देते आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होते. संध्याकाळीही मान खाली असेल आणि माती ओली असेल, तर मुळे कुजायला लागली असे समजावे. तेव्हा आणखी पाणी म्हणजे आगीत तेल.

खताचेही तसेच. नत्र जास्त झाले की झाड हिरवेगार, लुसलुशीत होते आणि फुलांचे नावच काढत नाही. शेंगदाण्याच्या पेंडीचे आंबवलेले पाणी दर चार दिवसांनी ओतणाऱ्यांची झाडे अशीच असतात, पाहुण्यांना दाखवायला झकास. त्या कोवळ्या रसाळ शेंड्यांवर मावा आणि फुलकिडेही आधी तुटून पडतात. महिन्याकाठी दोन मुठी कंपोस्ट घालून माती हलवली तरी कुंडीतल्या झाडाचे भागते. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुऊन काढलेला. नाहीतर मुंग्या येतात, आणि मुंग्या माव्याला राखतात, कारण त्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो.

रोप कुंडीत लावल्यावर साधारण दीड महिन्यात पांढरी, खाली मान घातलेली फुले येतात. ती गळाली की जीव हळहळतो. मिरचीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे फळ धरायला दुसरे झाड लागत नाही. वाऱ्याने किंवा मधमाशीच्या धक्क्याने पराग खाली सांडला की झाले. बंद काचांच्या बाल्कनीत वारा नसतो, तिथे सकाळी फांदीला हलकी टिचकी मारावी. पण गळतीचे मोठे कारण तापमान आहे. दिवसा पारा ३५ अंशांच्या वर चढला किंवा रात्री १५ च्या खाली उतरला की झाड फुले टाकून देते. नागपूर, जळगावच्या मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या पिशवीत मुळेसुद्धा शिजतात. तिथे हिरव्या शेडनेटची सावली आणि पिशव्यांखाली विटा एवढे केले तरी झाड तग धरते. फुले मात्र जूनमध्येच पाहावीत. शेतकरी फुलगळीवर संजीवकाची फवारणी करतात. चार कुंड्यांसाठी तो खटाटोप नको, हवा बदलली की झाड आपोआप धरते.

आणि मग येतो चुरडा-मुरडा, ज्याला अनेक भागांत बोकड्या म्हणतात. मिरची लावणाऱ्यांचे मन सर्वांत जास्त मोडते ते इथे. शेंड्याची पाने आखडतात, वेडीवाकडी होतात, वाढ थांबते. लोक याला एकच रोग समजून हाताला येईल ते फवारतात. वास्तविक असे चित्र उभे करणारे गुन्हेगार तीन आहेत आणि तिघांचा बंदोबस्त वेगळा आहे.

पहिले फुलकिडे. पानांच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे झाले असेल तर यांच्यावर संशय घ्यावा. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन चापट्या मारल्या की कागदावर मिलिमीटरभर लांबीच्या पिवळट रेघा पडतात. नीट पाहिले तर त्या चालू लागतात. फुलकिडे पाने खरवडून रस शोषतात, फुलांत लपतात आणि त्यांची कोषावस्था मातीत जाते, म्हणून नुसत्या पानांवर फवारून काम अर्धेच होते. २०२१ च्या हंगामात आंध्र आणि तेलंगणातली मिरचीची शेतेच्या शेते फुलकिड्यांच्या एका परक्या काळसर जातीने उद्ध्वस्त केली होती. फुलाफुलांत ते किडे दाटीने बसलेले असत आणि फवारणीवर फवारणी करूनही हटत नसत. घरच्या चार कुंड्यांना तेवढा धोका नाही, पण फूल उघडून आत पाहण्याची सवय मात्र त्यावरून लावून घ्यावी.

दुसरे कोळी. हे कीटक नव्हेत, आठ पायांचे जीव, आणि इतके बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. यांच्या हल्ल्यात पानाच्या कडा खाली वळतात, पान अरुंद होते, देठ लांबतो. होडी उलटी झालेली दिसली की कोळी. पुष्कळ कीटकनाशकांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, उलट त्यांना खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी माजतात. यांच्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक हा जुना उपाय आहे. मात्र कडक उन्हात ते वापरू नये आणि तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत, नाहीतर पाने करपतात.

तिसरा प्रकार विषाणूचा, आणि तो पसरवते पांढरी माशी. झाड हलवले की पानांखालून पांढरा धुरळा उडाल्यासारखा वाटतो, तीच ती. पाने बारीक होतात, शिरा जाड दिसतात, दोन पेरांमधले अंतर कमी होऊन शेंड्यांचा झुबका होतो. याला औषध नाही. कितीही लळा लागला असला तरी असे झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे; ठेवले तर शेजारच्या टोमॅटोलाही धोका असतो.

पहिल्या दोघांना सुरुवातीलाच पकडले तर झाड सावरते. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि ते पाण्यात मिसळावे म्हणून द्रवरूप साबणाचे चार थेंब, असे द्रावण संध्याकाळी फवारावे; भर उन्हात फवारले तर पाने भाजतात. फुलकिड्यांसाठी निळे आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात, ते कुंडीत काडीवर लावले की किडीची वर्दी आधी मिळते. फार आखडलेले शेंडे खुडून टाकावेत. तंबाखू मळणाऱ्याने हात धुतल्याशिवाय झाडाला हात लावू नये, हीदेखील अंधश्रद्धा नाही. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवरून मिरचीवर जाऊ शकतो, कारण दोघे एकाच कुळातले.

मिरच्या लागल्या की घरात चर्चा सुरू होते ती तिखटपणाची. एकाच झाडाची एक मिरची सौम्य आणि दुसरी डोळ्यांतून पाणी काढणारी, असे होते. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बियांत तयार होत नाही. ते तयार होते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात. बियांना ते बाहेरून लागते इतकेच. भाजीसाठी मिरची सौम्य करायची तर बिया झटकून भागत नाही, पांढरी शीर काढावी लागते. झाडाला पाण्याचा थोडा ताण बसला की मिरची बहुधा अधिक तिखट होते. रोज पाणी पिणारी कुंडीतली मिरची मिळमिळीत निघते त्याचे एक कारण हे. ढोबळी मिरचीही त्याच जातीची, पण कॅप्सेसिन बनवणारे जनुक तिच्यात निकामी असते. ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते, हा समज मात्र खोटा. परक्या परागाचा परिणाम बियांत उतरतो. फळाचा गर आईचाच राहतो, फरक दिसला तर त्या बियांपासून आलेल्या पुढच्या झाडांत.

झाड हे तिखट कशासाठी बनवते, याचे उत्तर पोपटाला मिरची भरवणाऱ्यांना न कळत सापडलेले होते. (आता देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ते बरेच झाले.) कॅप्सेसिन आपल्या चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चेतवते, तोच ग्राहक चटका देणारी उष्णताही ओळखतो, म्हणून मिरची खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखे वाटते. हा ग्राहक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल मिळाले. पक्ष्यांच्या शरीरातला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. उंदीर-घुशी बिया चावून नासवतात, त्यांना तिखट झोंबते आणि ते दूर राहतात. पक्षी मिरची गिळतात आणि बिया धडधाकट अवस्थेत लांबवर टाकतात. बाल्कनीत बुलबुल लाल मिरच्यांवर डल्ला मारू लागले तर तिखटाच्या फवाऱ्याने काही साधणार नाही, जाळीच बांधावी.

फळे हिरवी असताना तोडत राहिले की झाड पुन्हा फुलावर येते. सगळ्या लाल होऊ दिल्या तर त्याचा वेग मंदावतो. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून ओढून तोडण्याऐवजी कात्रीने देठासकट कापाव्यात. बियांसाठी चांगल्या झाडावरच्या दोन-तीन मिरच्या पूर्ण लाल होऊन सुरकुतेपर्यंत ठेवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि कागदी पाकिटात नाव-तारीख लिहून ठेवाव्यात. बी काढताना हात झोंबले तर नुसत्या पाण्याने उतार पडत नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात विरघळते. आधी खोबरेल चोळावे, मग साबण. डोळ्याला हात लावू नये हे सांगावे लागू नये, पण लागते.

मिरचीला हंगामी पीक समजून लोक पहिला बहर संपला की झाड उपटतात. शेतात ते परवडतेही. कुंडीतले निरोगी झाड मात्र दोन-तीन वर्षे सहज जगते, कारण उबेच्या प्रदेशात मिरची बहुवर्षायू आहे. बहर ओसरला की खोडापासून वीतभर ठेवून फांद्या धारदार कात्रीने छाटाव्यात, वरची दोन इंच माती काढून त्या जागी कंपोस्ट भरावे आणि नवे फुटवे येईपर्यंत पाणी बेताने द्यावे. पावसाच्या झडीत ही छाटणी टाळावी, कापलेल्या टोकांवर बुरशी बसते आणि फांदी वरून खाली वाळत जाते. सप्टेंबरअखेर छाटलेले झाड थंडीत पुन्हा फुलावर येते, आणि दुसऱ्या वर्षी त्याचे खोड लाकडासारखे कणखर असल्याने काठीचा आधारही लागत नाही. बोकड्या झालेल्या झाडावर मात्र हा प्रयोग करू नये. विषाणू खोडात असेल तर नवा फुटवाही आखडलेलाच येतो.